फाटकाकडची पहिली ओळ

मी, वय वर्षे चौऱ्याहत्तर, या घराची थोरली सून आणि आता एकटी मालकीण, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने, स्वयंपाकघरातल्या टेबलापाशी बसून लिहीत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे. मला कोणी गळ घातलेली नाही की धमकावलेले नाही. तशी हिंमत असलेले एकच माणूस या घरात होते, ते बारा वर्षांपूर्वी निघून गेले. छातीचे डॉक्टर म्हणाले, पुढच्या उन्हाळ्याची खात्री देता येत नाही. म्हणजे आता लावलेला लसूण निघताना मी बहुधा पाहणार नाही. लसणाचे नाव त्यांनी घेतले नाही. ते मी जोडले.

वकील हा कागद टंकून द्यायला तयार होते. ते अंगठा जिभेला लावून पाने उलटतात. माझ्या शेवटच्या इच्छेचे प्रत्येक पान दुसऱ्याच्या थुंकीने ओले व्हावे, ही माझी इच्छा नाही. म्हणून मी लिहिते. त्यांनी फक्त वाचावे, आणि शक्यतो लांबून.

कलम १. आठ वर्षांपूर्वी केलेले माझे मृत्युपत्र रद्द समजावे. त्यात एक वाक्य आहे: "माझ्या धाकट्या जावेला माझ्या मालमत्तेतले काहीही मिळू नये, कारण तिला माहीत आहे." ते वाक्य लिहिताना मला समाधान वाटले होते. आता ते वाचले की तोंडात आंबट येते. ते खोडण्यासाठी हा कागद.

घाईचे कारणही लिहून ठेवते. मागच्या मंगळवारी पाववाल्याने एक कागदी पिशवी आणून दिली. धाकटी त्याच्या दुकानावरच्या खोलीत राहते. पिशवीत लसणाचे सत्तावीस गड्डे आहेत आणि एक चिठ्ठी. हा लसूण या जगात उरलेला नाही असे मी बारा वर्षे धरून चालले होते. थंडी पडायच्या आत, म्हणजे तीन आठवड्यांत, तो निरोगी मातीत गेला पाहिजे. माझ्याकडे निरोगी माती नाही. का नाही, ते कलम ४ मध्ये आहे.

कलम २. घर. खाली तीन खोल्या, वर दोन, पुढे अंगण, मागे परस. घर सासूबाईंचे. त्यांच्यानंतर माझ्या नवऱ्याने धाकट्या भावाचा वाटा रीतसर विकत घेतला. दिराने ते पैसे वर्षभरात उडवले आणि पुढल्या वर्षी स्वतः गेला. त्यामुळे धाकटी कायद्याने पाहुणी झाली आणि कामाने घरचीच राहिली. ही सोय आम्हा सगळ्यांना फार आवडली. कोणी ती कधी बोलून दाखवली नाही.

वरचा मजला आणि मागचा परस माझ्या मुलाला मिळावा. मुलगा फरशा विकतो. दुकानातला खपत नसलेला माल त्याने पुढच्या अंगणात बसवला आहे. रंग जुलाबाच्या औषधाचा. बसवून झाल्यावर त्याने मला बाहेर बोलावले.

"बघ आई, चिखल गेला. किती स्वच्छ दिसतंय."

"स्वच्छ नाही. टक्कल दिसतंय."

"तुला कधी काही आवडलंय का?"

आवडले होते. चाळीस वर्षे एक गोष्ट आवडत होती. ती खाली लिहिते.

कलम ३. लसूण. ही मालमत्ता आहे का, असे वकिलांनी विचारले. त्यांना समजावे म्हणून लिहिते. लसूण बियाने वाढत नाही. गड्डा फोडायचा, पाकळी मातीत खोचायची, तिचाच पुन्हा गड्डा होतो. म्हणजे सासूबाईंनी माहेरून रुमालात बांधून आणलेला जो लसूण होता, तोच आम्ही दर वर्षी लावत होतो. त्यासारखा नव्हे, तोच. एक वर्ष चुकले की तो संपला. मग पैसे टाकूनही मिळत नाही.

घरातला नियम सासूबाईंचा होता: मोठा मातीला, बारका ताटाला. काढणी झाली की सगळ्यांत टपोरे गड्डे बेण्याला बाजूला काढायचे आणि बारके रडतराऊत खायला ठेवायचे. लोक नेमके उलटे करतात. छान छान ते खातात, उरलेसुरले पेरतात आणि दहा वर्षांनी म्हणतात, हल्ली पूर्वीसारखा लसूण येत नाही. मला अशा लोकांचा वीट येतो.

लावणी पानगळीत. आधी वाफ्याच्या कडेने पालक, मुळा आणि मटार टाकायचे, मग लसूण. मागच्या परसात मी मागल्या फाटकाकडून सुरुवात करायची, धाकटीने भिंतीकडून. दोघींची पाठ मोडली की मध्ये भेटायचो. ती एकदा कमरेवर हात ठेवून म्हणाली, "वहिनी, तुमची ओळ पिऊन आलीय का?"

मी म्हणाले, "तुझी सरळ आहे कारण तुला पुढे सरकायचंच नाहीये."

अशी चोवीस वर्षे आम्ही दोघींनी लावली. त्याआधीची सोळा सासूबाईंबरोबर. त्या विनोद करत नसत.

कलम ४. हे कलम मी तीनदा लिहून फाडले आहे.

मी इस्पितळाच्या प्रयोगशाळेत एकतीस वर्षे काचेच्या नळ्या धुतल्या. लोकांच्या अंगातून जे जे निघते ते सगळे माझ्या हाताखालून गेले. मला कशाचीच किळस वाटत नसे, कारण मला धुता येत होते. नळी तीनदा धुवायची, उकळायची, उपडी ठेवायची. माझ्या हातची नळी कधी परत आली नाही. हे मी फुशारकीने सांगत असे. आता पुरावा म्हणून सांगते.

दोन गल्ल्या पलीकडे एक रोपवाला होता. भाज्यांच्या प्रदर्शनात लसणाचा कप एक वर्ष त्याला, एक वर्ष आम्हाला. बारा वर्षांपूर्वी, थंडी सरताना, बातमी आली की त्याच्या लसणाला पांढरी कूज लागली. मी त्याच दुपारी गेले. मदतीला नव्हे, बघायला. फाटकातच तो म्हणाला, "बाई, आत येऊ नका. हा रोग मातीतून चालतो."

मी आत गेले. त्याच्या वाफ्यात मधोमध उभी राहिले. एक गड्डा उपटला. मुळांच्या जागी ओल्या कापसासारखी बुरशी, तिच्यावर खसखशीएवढे काळे दाणे, आणि वास असा की एकतीस वर्षांत मी तसा घेतला नव्हता. तो मी पुन्हा घेतला. मला बरे वाटत होते. हे जसेच्या तसे लिहिले पाहिजे: मला बरे वाटत होते.

निघताना तो म्हणाला, "तेवढे बूट धुऊन जा. नळ तिथे आहे."

त्याने मला धुण्याबद्दल सांगावे? मी म्हणाले, "आमच्या घरी पाणी आहे." आणि मागल्या फाटकाने घरी येऊन, बूट न धुता, फाटकाकडच्या पहिल्या ओळीतले तण काढले. अंगात उत्साह होता.

दीड महिन्याने पाती पिवळी पडली. गड्डे हाताला लिबलिबीत लागले. मी कारण शोधायला निघाले आणि कारण लगेच सापडले. आदल्या पानगळीत बेणे एका ओळीने कमी पडले होते, तेव्हा धाकटीने बाजारातून जाळीची पिशवी आणून भिंतीकडची शेवटची ओळ पुरी केली होती. मला न सांगता. ती जाळी मला कोनाड्यात सापडली. मी ती जेवायच्या टेबलावर, ताटांच्या मध्ये टाकली.

"बाजारची घाण आणलीस. सासूबाईंचं बेणं मारलंस."

मुलगा आणि सून जेवत होते. सुनेने नाकाला पदर लावला. धाकटीने जाळी उचलून तिची घडी केली. मग म्हणाली, "एक ओळ मी विचारून लावायला हवी होती. ते चुकलं. पण वहिनी, पिवळं पडायला कुठून सुरुवात झाली, ते तरी बघून या."

मी म्हणाले, "मला बघायची गरज नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी, सगळे झोपलेले असताना, मी बघितले. फाटकाकडच्या चार ओळी आडव्या झाल्या होत्या. पुढच्या अर्ध्या पिवळ्या. भिंतीकडची ओळ, तिची, बाजारची, ताठ हिरवी उभी होती. सगळ्या वाफ्यात तेवढीच निरोगी.

ती मी सगळ्यांत आधी उपटली. पत्र्याच्या पिंपात सगळ्यांत खाली घातली, वर कुजलेला माल आणि त्याच्यावर बाकीच्या ओळींची पिवळी पात. ओले होते, पेटेना. रॉकेल ओतले. उठल्यावर घरच्यांना धूर दिसला आणि रिकामा वाफा. कोणती ओळ कुठे होती ते सांगणारे काही उरले नाही.

त्याच आठवड्यात धाकटी गेली. एक ट्रंक आणि स्वयंपाकघरात टांगलेली खायच्या लसणाची उरलेली अर्धी वेणी. सून मला म्हणाली, "आई, त्यांनी लसूण नेला."

मी म्हणाले, "नेऊ दे. बारका आहे."

ही माझी कबुली. ती वारसांना उद्देशून नाही. त्यांना तिचा उपयोग नाही.

कलम ५. मागच्या परसात पुढची आठ वर्षे लसूण, कांदा किंवा त्यांच्या जातीचे काहीही लावू नये. ते काळे दाणे मातीत वीस वर्षे जगतात. बारा झाली. पालक, मुळा, कोबी, नवलकोल, मटार, गाजर हे खुशाल लावावे, थंडीत चांगले येतात. मुलगा याला हसतो. "बारा वर्षं झाली आई. माती काय लक्षात ठेवते?" माती ठेवते. म्हणून मला तिच्याबद्दल आदर आहे.

परसातून पुढच्या अंगणात जाताना चपला बदलाव्यात. ही अट मुलाच्या वाट्याला जोडलेली आहे. ती मोडली तर परसाचा वाटा शेजारच्या घड्याळवाल्यांना जावा. त्यांना तो नको आहे. पण त्यांनी हो म्हटले आहे, कारण त्यांना अटी आवडतात.

कलम ६. जंगम वस्तू.

खूण केलेली लावणीची काठी धाकटीला. झाडूच्या मोडक्या दांड्याला चार-चार बोटांवर खाचा पाडून ती माझ्या नवऱ्याने केली. संसारात त्याने केलेली ही एक वस्तू अजून टिकून आहे.

भाज्यांच्या प्रदर्शनाचा चांदीचा मुलामा दिलेला कप रोपवाल्याला. तो आता प्लास्टिकची फुले विकतो, धूळ बसली की ओल्या फडक्याने पुसतो. त्याला त्या अवस्थेत बघणे मला सहन होत नाही. कप पाठवताना निरोप द्यावा: नळ दाखवल्याबद्दल.

टॉवेल, सगळे, सुनेला. लग्न होऊन आल्यावर तिसऱ्या दिवशी तिने विचारले होते, "आई, तुमचा टॉवेल वेगळा ठेवाल का? लसणाचा वास जात नाही." ठेवला. सर्दी झाली की मात्र तीच जिना उतरून येते, "आई, दोन पाकळ्या द्या ना." दिल्या. बाजारच्या.

माझे खुरपे, फावडे आणि बूट कोणालाही देऊ नयेत. ते माझ्याबरोबरच जावेत. तिकडे कोणी लसूण लावला असेल तर मी कुंपणाबाहेर थांबेन.

कलम ७. बँकेत जे आहे त्यातून आधी कलम ९ मधले काम व्हावे. उरेल ते मुलाचे. भांडण्याएवढे उरणार नाही.

कलम ८. पिशवीतली चिठ्ठी. ती या कागदाला जोडली आहे. पण मुलगा जोडलेले कागद वाचत नाही, म्हणून इथे उतरवते.

"वहिनी, गुडघ्यांमुळे गच्ची सुटली. तिथे पत्र्याच्या डब्यांत लावत होते. हा सासूबाईंचाच आहे, नेलेल्या वेणीतला. पहिल्या वर्षी हरभऱ्याएवढे आले, पण मोठा मातीला हा नियम मी सोडला नाही. आता बघा. वेळेत लावा. मागच्या मातीत नको."

मी पिशवी टेबलावर ओतली. एकेक गड्डा मुठीत मावत नाही. मोठे सगळे मी जाळले होते. तिने ताटातले बारके वाचवले, बारा वर्षे एकटीने वाढवले आणि मोठे करून मला परत पाठवले.

चिठ्ठीला आणखी एक ओळ आहे. ती मी दोन दिवस वाचली नाही असे स्वतःला सांगत होते.

"आणि हात लावण्याआधी बूट धुवा."

आमची माती काळी. रोपवाल्याची पिवळी. त्या दिवशी मी बूट मागच्या पायरीवर काढले होते. मागची पायरी रोज तीच झाडत असे.

म्हणजे जाळी टेबलावर पडली तेव्हाच तिला माहीत होते. ती मुलासमोर, सुनेसमोर एका वाक्यात मला संपवू शकली असती. ती फक्त म्हणाली, बघून या. तिने मला आपण होऊन बोलायची जागा ठेवली, आणि मी त्या जागेत पिंप पेटवले. एकतीस वर्षे मी दुसऱ्यांची घाण धुतली. मला किळस आली ती या एका वेळी, आणि ती स्वतःची होती. ती अजून गेलेली नाही. जावी असे वाटतही नाही.

कलम ९. खालच्या तिन्ही खोल्या आणि पुढचे अंगण माझ्या धाकट्या जावेला मिळावे, पूर्ण मालकीने. वापरापुरते किंवा हयातीपुरते नव्हे. खाली जिना नाही. अंगणातली फरशी उखडावी, खालचा मुरूम काढावा आणि बाहेरची, कधी लसूण न लागलेली माती भरावी. पुढच्या अंगणात मी कधी बूट घालून गेलेले नाही. तिथे मी पाहुण्यांना निरोप द्यायला जात असे, चपला घालून.

वकिलांना मी धाकटीचीच साक्ष हवी म्हणाले. ते म्हणाले, "ज्याला मिळायचं त्याने साक्षीदार म्हणून सही करायची नसते."

या प्रकरणात खरे पाहिलेले माणूस एकच आहे आणि त्याचीच साक्ष चालत नाही. कायद्याबद्दल मला फार आशा कधी नव्हती.

कलम १०. मी गेल्यावर कोणी भाषण करू नये. "फार प्रेमळ होत्या" हे शब्द कोणी उच्चारले तर घड्याळवाल्यांनी त्याला दार दाखवावे. फुले नकोत, प्लास्टिकची तर नकोतच.

हे मृत्युपत्र माझ्या मरणानंतर उघडायचे नाही. येत्या रविवारी घड्याळवाल्यांनी ते पाववाल्याच्या दुकानावरच्या खोलीत जाऊन मोठ्याने वाचावे, कलम ४ सकट. वकील म्हणतात असा रिवाज नाही. असेल. लसूण माझ्या मरणाची वाट बघत थांबणार नाही.

कलम ११. (वाचनानंतर जोडलेले.) घड्याळवाले रविवारी जाऊन आले. ते नेमकेपणाचे गृहस्थ आहेत, म्हणून त्यांनी सांगितले तेच लिहिते. ती पाय स्टुलावर ठेवून बसली होती. कलम ४ ला त्यांचा आवाज अडखळला, तेव्हा ती म्हणाली, "वाचा पुढे. मला नवीन नाहीये." पालकाच्या यादीला तिने मान हलवली. नवलकोल ऐकून नाक मुरडले. शेवटी तिने कलम ९ पुन्हा वाचायला लावले. मग म्हणाली, "पुढच्या अंगणात ऊन किती तास येतं, ते लिहिलेलं नाही."

घड्याळवाले म्हणाले, मला ठाऊक नाही.

"मग विचारून या. न बघता लावायला मी काय फरशीवाली आहे?"

सोमवारी आणि मंगळवारी मी अंगणात खुर्ची टाकून बसले. घड्याळ घड्याळवाल्यांचे. साडेआठला ऊन फाटकावर येते, अडीचला शेजारच्या भिंतीमागे जाते. मधला तासभर मुलाच्या गाडीची सावली पडते. गाडी हलवली की पुरे सहा तास. तशी नोंद इथे करते. लसणाला पुरते.

आज सकाळी घड्याळवाल्यांनी छिन्नी आणली, पाववाल्याने हात लावला, आणि भिंतीकडच्या नऊ फरशा निघाल्या. मुलगा जिन्यात उभा होता.

"आई, हे मृत्युपत्र आहे ना? मग मरायच्या आधीच कशाला?"

"गाडी हलव," मी म्हणाले. थोड्या वेळाने त्याने हलवली.

लावणी भिंतीकडून सुरू करावी. ती सांगेल तशी. मी खुर्चीवर असेन तर पाकळ्या फोडून देईन, हात धुऊन. फाटकाकडची पहिली ओळ लसणाची नको. तिथून माणसे आत येतात. तिथे पालक टाकावा.

सही: या घराची थोरली सून

साक्षीदार १: शेजारचे घड्याळवाले. वाचून, समजून सही केली. मला यातले काही मिळणार नाही, परस सोडून. आणि तोही नको आहे, हे मी वकिलांना लेखी दिले आहे.

साक्षीदार २: कोपऱ्यावरचा पाववाला. सही. हात पिठाचे आहेत, डाग त्याचा.

ठिकाण: पुढचे अंगण, निघालेल्या फरशांवर कागद ठेवून.
दिनांक: एकोणीस ऑक्टोबर, ऊन फाटकावर असताना.